ब्रूडरमधलं पिल्लू मलूल झालं तर: आधी ऊब, औषध सगळ्यात शेवटी

सकाळी ब्रूडरवरचं, म्हणजे कोंबडीची पिल्लं दिव्याच्या उबेत वाढवायच्या पेटीवरचं झाकण उचललं की पिल्लं खाद्याच्या भांड्याकडे धावतात. एखादं धावत नाही. कोपऱ्यात पाय रोवून उभं असतं, पिसं फुललेली, डोळे अर्धे मिटलेले, पंखांची टोकं खाली लोंबलेली. हात लावला तर एकदा बारीक चिवचिवतं आणि परत पेंगायला लागतं. पहिल्यांदाच पिल्लं आणलेल्या माणसाचा हात अशा वेळी थेट औषधाच्या पुडीकडे जातो. माझाही जायचा.

आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी ऊब, मग पाणी, मग खाणं, आणि औषध त्यानंतर, तेही काय झालंय ते कळलं तरच. गारठलेल्या पिल्लाची पचनक्रिया जवळजवळ थांबलेली असते, त्यामुळे पोटात काहीही घातलं तरी ते तिथेच पडून राहतं. अंगातलं पाणी सुकलेलं असताना खाद्य भरवलं तर ते गळ्याखालच्या पिशवीत घट्ट होऊन बसतं. क्रम चुकला की चांगला उपायसुद्धा अंगावर उलटतो.

खरंच आजारी आहे का?

हा प्रश्न आधी विचारा, कारण निरोगी पिल्लं झोपतात ती मेल्यासारखी. मान लांब पसरलेली, एक पाय मागे फेकलेला, पंख उघडा, डोळे मिटलेले. माझ्याकडे पहिली पिल्लं आली त्या रात्री मी चार वेळा टॉर्च घेऊन उठले होते. शेजारी बोटाने टकटक केलं की असं पिल्लू धडपडत उठतं आणि दोन मिनिटांत खायला लागतं. आजारी पिल्लू उठतं, पण उठून परत तिथेच मिटतं.

दुसरी गोष्ट, अंड्यातून बाहेर पडून एकच दिवस झालेलं पिल्लू खात नसेल तर लगेच घाबरू नका. बाहेर येण्याआधी ते उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर त्याचे दोन ते तीन दिवस निघू शकतात. तिसऱ्या दिवशीही खाद्याकडे फिरकत नसेल तर मात्र गोष्ट वेगळी.

पिल्लाला उचलण्याआधी ब्रूडरकडे बघा

दोन मिनिटं नुसतं बघत उभं राहा. सगळी पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढून गोळा झाली असतील आणि आवाज कर्कश असेल तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब, भिंतीला चिकटून, चोच उघडी ठेवून आणि पंख अंगापासून सोडून बसली असतील तर उकडतं आहे. सगळी एकाच बाजूला सरकलेली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा लागतो आहे. विखुरलेली, काही खाणारी, काही लोळलेली आणि आवाज मंद असेल तर तापमान बरोबर आहे.

आकडा हवाच असेल तर पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, आणि नंतर दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे लिटरच्या (तळाला अंथरलेल्या भुशाच्या) ५ सेंटिमीटर वर धरायचा. ब्रूडरच्या भिंतीवर वरच्या बाजूला टांगलेला थर्मामीटर पिल्लांना काय जाणवतंय ते सांगत नाही. पहिले सुमारे दोन आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची उष्णता धड टिकवता येत नाही. त्यामुळे रात्री दिवा गेला आणि तुम्हाला कळलंच नाही, तर सकाळी दिसणारा ‘आजार’ हा पुष्कळदा नुसता गारठा असतो.

मग खाली वाका. तोंड पिल्लांच्या उंचीपर्यंत न्या आणि श्वास घ्या. नाकाला झोंबलं, डोळे चुरचुरले, तर ओल्या लिटरमधून अमोनिया निघतो आहे आणि पिल्लं दिवसरात्र तोच श्वासात घेत आहेत. पाण्याच्या भांड्याभोवतीचा भुसा मुठीत दाबून बघा. गोळा झाला आणि तसाच राहिला तर तो बदलायला हवा. मला विचाराल तर एका पिल्लाला बरं करण्यापेक्षा हा ओला भुसा काढून टाकणं जास्त महत्त्वाचं काम आहे, कारण उरलेली सगळी त्याच भुशात उभी आहेत.

आजाऱ्याची पेटी

पिल्लू वेगळं करा. लागण हे एक कारण. दुसरं असं की पिल्लं अशक्त भावंडाला चोचीने टोचतात, आणि रक्त दिसलं की थांबत नाहीत.

एक पुठ्ठ्याचं खोकं पुरतं, साधारण ४० सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद, बाजूंना वरच्या अंगाला भोकं पाडलेलं. तळाला वर्तमानपत्र घालू नका. ते गुळगुळीत असतं, पाय सरकतात आणि अशक्त पिल्लाचे पाय बघता बघता फाकतात. खडबडीत पेपर टॉवेल किंवा जुनं सुती कापड घाला. टर्किशचा टॉवेल नको, त्याच्या फाशांत नखं अडकतात. पांढरा पेपर टॉवेल असला तर आणखी सोय, कारण विष्ठा कशी पडते ते स्पष्ट दिसतं आणि पुढचं अर्धं निदान तिथेच होतं.

ऊब खोक्याच्या एकाच टोकाला ठेवा. गरम टोकाला पहिल्या आठवड्यातल्या पिल्लासाठी ३२ ते ३५ अंश, दुसरं टोक त्याहून थंड. पिल्लू स्वतः सरकून जागा निवडतं. तीन आठवड्यांच्या पिल्लालाही आजारपणात आठ-पंधरा दिवस मागे नेऊन ३० ते ३२ अंशांच्या आसपास ठेवते मी. उबेसाठी छोटी हीट प्लेट सगळ्यात निर्धोक. ती नसेल तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवता येते, पण दर दोन-तीन तासांनी पाणी बदलावं लागतं, कारण गार झालेली बाटली उलट पिल्लाची ऊब शोषून घेते. बल्ब वापरणार असाल तर तो नुसत्या चिमट्यावर सोडू नका. साखळीने टांगा आणि दुसरी एक दोरी वेगळ्या आधाराला बांधा. पुठ्ठा आणि भुसा पेटायला वेळ लागत नाही. काही हीट बल्बवर टेफ्लॉनसारखा लेप असतो, तापल्यावर त्याची वाफ पक्ष्यांना मारते. पाकिटावर तसं लिहिलंय का ते बघून घ्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर मुळीच नको, तिचा धूर पिल्लांना आणि तुम्हालाही घातक.

खोकं बाकीच्यांच्या आवाजाच्या टप्प्यात ठेवा. एकटं पडलेलं पिल्लू ओरडून ओरडून दमतं. पाय दुखावलेल्या पिल्लाजवळ एखादं शांत भावंड सोडायला हरकत नाही. हगवण किंवा श्वासाचा त्रास असेल तर सोबत नको, भिंतीला एक छोटा आरसा टेकवून ठेवा. हसू येईल, पण पिल्लू त्याला चिकटून झोपतं.

हातात घेऊन तपासणी

पिल्लू तळहातात घ्या, बोटं सैल ठेवा. छातीवर दाब आला तर पक्ष्याला श्वास घेता येत नाही, कारण त्यांची छाती हललीच पाहिजे. मग डोक्यापासून सुरुवात.

डोळे उघडतात का, त्यातून फेस किंवा पाणी येतं का. नाकपुड्या स्वच्छ आहेत का. कानाजवळ धरून श्वास ऐका, घरघर किंवा टकटक येते का. मानेच्या मुळाशी, पिल्लाच्या उजव्या अंगाला, खाण्याची पिशवी असते. खाल्ल्यावर ती मऊ भरीव लागते, रात्रभरानंतर रिकामी हवी. सकाळीही ती कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट असेल किंवा पाण्याच्या फुग्यासारखी डुचमळत असेल तर खाणं पुढे सरकत नाहीये. अशा पिल्लाला उलटं धरून ओकवण्याचा सल्ला ऐकू येतो. करू नका, ते द्रव सरळ श्वासनलिकेत जातं.

मग पोट. दोन पायांच्या मध्ये बेंबी असते, तिथे काळा सुका धागा लोंबत असेल तर हात लावू नका, आपोआप गळतो. त्याच्या मागे, शेपटीखाली, गुदद्वार. ही दोन ठिकाणं वेगळी ओळखता आली पाहिजेत, का ते पुढे येईल. पायांची कातडी सुरकुतलेली आणि निस्तेज असेल, चोचीच्या आतला भाग चिकट लागत असेल, तर अंगातलं पाणी कमी झालंय.

शेवटी वजन. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या, वाटीत पिल्लू ठेवा. नुकतंच निघालेलं पिल्लू अंड्याच्या वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश भरतं, म्हणजे ६० ग्रॅमच्या अंड्यातून ४० ग्रॅमचं. एकट्या आकड्याला अर्थ नाही, रोज सकाळी त्याच वेळी लिहून ठेवलेल्या आकड्यांना आहे. ‘आज जरा बरं वाटतंय’ असं आपल्याला नेहमीच वाटतं, काट्याला वाटत नाही.

पाणी: थेंबाथेंबाने

पिल्लू उबदार झाल्यावर, म्हणजे पाय हाताला गार लागेनासे झाल्यावर, पाणी. कोमट असावं. पहिल्या काही तासांपुरतं कपभर पाण्यात एक चमचा साखर चालते. त्यानंतर कोंबड्यांसाठी मिळणारी इलेक्ट्रोलाइट पावडर, किंवा माणसांचं ओआरएस पाकिटावर लिहिल्याप्रमाणे बनवून त्यात तेवढंच साधं पाणी मिसळून. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त मीठ पिल्लाला विषासारखं बाधतं. दोन-तीन दिवसांनी परत साध्या पाण्यावर या.

पाजायची पद्धत नीट समजून घ्या, कारण इथे मी एक पिल्लू घालवलंय. तोंड उघडून सिरिंजने मागे पाणी सोडलं होतं, त्याला लवकर बरं वाटावं म्हणून. पक्ष्याच्या जिभेच्या लगेच मागे श्वासनलिकेचं भोक उघडं असतं. पाणी तिथे गेलं. ते दोनदा मान झटकून निपचित पडलं, आणि ते आजाराने नाही, माझ्या हाताने गेलं.

तेव्हापासून असं करते: पिल्लू डाव्या हातात, मान सरळ, वर ताणलेली नाही. ड्रॉपरच्या टोकावर एक थेंब लोंबू द्यायचा आणि तो चोचीच्या कडेला नुसता टेकवायचा. थेंब चोचीच्या फटीतून आत ओढला जातो, पिल्लू चोच चटचट करतं आणि मान वर करून गिळतं. ते गिळल्याशिवाय दुसरा थेंब नाही. पाच-सहा थेंब झाले की खाली ठेवायचं आणि वीस-पंचवीस मिनिटांनी परत. गिळतच नसेल तर पाजणं थांबवा, ऊब द्या, थोड्या वेळाने बघा. शक्ती येईल तसं चोचीचं फक्त टोक उथळ झाकणातल्या पाण्यात बुडवा, नाकपुड्या कोरड्या ठेवून. भांडं उथळच असू द्या आणि त्यात गोट्या किंवा खडे टाका. पेंगणारं पिल्लू बोटभर पाण्यातसुद्धा बुडतं.

खाणं

पाणी घ्यायला लागलं की नेहमीचंच चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, कोमट पाण्यात भिजवून खिरीसारखं करा. त्यावर उकडलेल्या अंड्याचा बलक चिमूटभर कुस्करला तर बहुतेक पिल्लं चोच घालतात. दूध नको, पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. ओलं खाद्य उबेत दोन तासांत आंबतं, म्हणून थोडं थोडं करा आणि उरलेलं टाकून द्या.

भरवण्याआधी एक करून पाहा. खाद्यावर बोटाच्या नखाने टकटक करा, आई चोच मारते तशी. पिल्लू मान तिरकी करतं, बघतं, आणि बोटाच्या शेजारी चोच मारतं. ही एक चोच दिसली की माझा जीव भांड्यात पडतो.

नेहमी दिसणारे त्रास

*चिकटलेलं गुदद्वार.* पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त दिसणारा आणि घरी हमखास सुटणारा त्रास. विष्ठा शेपटीखालच्या लवीला चिकटते, वाळते, तिचं बूच बनतं आणि मागून काही बाहेर पडू शकत नाही. पोट फुगतं, पिल्लू कण्हल्यासारखं ओरडतं आणि एक-दोन दिवसांत जाऊ शकतं. बोटांनी ओढून काढायचा मोह आवरा, सुकं बूच ओढलं की त्याबरोबर कातडी निघते. कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून बुचावर धरून ठेवा. मिनिटभरात वरचा थर मऊ होतो, तो पुसून घ्या, नवा बोळा धरा. असं चार-पाच वेळा. शेवटचा तुकडा सुटला की पुष्कळदा आत तुंबलेलं सगळं एकदम तुमच्या हातावर येतं. ते चांगलं लक्षण. मग पिल्लू पूर्ण कोरडं करा, कारण ओलं पिल्लू उबेतसुद्धा गारठतं. कोरड्या कातडीला पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात लावा. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बघा, हे परत परत होतं. आणि हो, पोटाच्या पुढच्या बाजूची खपली म्हणजे बेंबी. नवखी माणसं तीही घाण समजून खरवडतात आणि पिल्लाच्या पोटात जंतूंना वाट करून देतात. एकाच वेळी तीन-चार पिल्लांना बूच लागत असेल तर चूक ब्रूडरच्या तापमानात शोधा, किंवा प्रवासात पिल्लांना पाणी कमी पडलंय.

*बेंबीची सूज.* बेंबी ओली, लालनिळी, पोट मऊ लिबलिबीत, आणि एक कुबट वास. अंडी उबवताना झालेली अस्वच्छता याच्या मुळाशी असते. नुसती किंचित लाल असेल तर पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावून स्वच्छ, कोरड्या खोक्यात ठेवा. वास येत असेल तर आतला बलक नासलेला असतो आणि अशी पिल्लं बहुतेक पहिल्या आठवड्यातच जातात. खोटी आशा देण्यात अर्थ नाही.

*फाकलेले पाय.* दोन्ही पाय बाजूंना घसरतात, पिल्लू पोटावर पडून राहतं. पहिल्या दोन-चार दिवसांत लक्षात आलं तर छान सुधारतं. स्वतःलाच चिकटणाऱ्या मऊ बँडेजची बोटभरापेक्षा अरुंद पट्टी कापा, दोन्ही पायांना इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गुंडाळा. पायांत पिल्लाच्या अंगाच्या रुंदीएवढं अंतर राहू द्या, सुमारे अडीच सेंटिमीटर. पट्टी घट्ट नको, खालचा पाय सुजला किंवा निळसर झाला तर लगेच सोडा. पहिला तासभर पिल्लू कोलमडतं, चिडतं, मग त्याला युक्ती सापडते. पाणी त्याच्या चोचीपाशी आणून ठेवा. दोन ते चार दिवसांत पट्टी काढता येते. मात्र ढोपरासारखा दिसणारा सांधा सुजून एकच पाय बाहेर वळला असेल तर तो निसटलेला स्नायुबंध असू शकतो, तिथे पट्टीचा उपयोग नाही, पशुवैद्याला दाखवा.

बोटं आत मुठीसारखी वळली असतील तर बहुधा बी-२ जीवनसत्त्व कमी आहे. मान मागे वळून पिल्लू आकाशाकडे बघत बसलं तर बी-१ किंवा ई कमी असू शकतं. जीवनसत्त्वांचे थेंब देऊन दोन-तीन दिवसांत फरक दिसायला हवा. जुनं, मुदत संपलेलं खाद्य हे याचं नेहमीचं कारण, म्हणून पोत्यावरची तारीख बघा.

*रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सीडिओसिस.* तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांमध्ये याची आठवण सगळ्यात आधी झाली पाहिजे. पिल्लू कुबड काढून उभं, पिसं फुललेली, खाणं सोडलेलं, विष्ठा पातळ आणि कधी त्यात रक्त. आयमेरिया नावाचा एकपेशीय परोपजीवी आतड्याच्या अस्तरात वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून भुशात पडतात आणि ऊब व ओल मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात. पिल्लं तोच भुसा टोचतात. साधी जंतुनाशकं या अंड्यांचं फारसं काही बिघडवू शकत नाहीत, कोरडेपणा बिघडवतो. म्हणून मघापासून ओल्या भुशाच्या मागे लागले आहे.

इथे एक घोटाळा होतो. निरोगी पिल्लूसुद्धा मधूनमधून चॉकलेटी, चिकट, घाण वासाची विष्ठा टाकते, ती आतड्याच्या आंधळ्या, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या पिशव्यांतून येते आणि अगदी नेहमीची आहे. कधी आतड्याच्या अस्तराचा नारिंगी-गुलाबी तुकडाही पडतो. पिल्लू पळत-खात असेल तर असा एखादा तुकडा बघून औषध सुरू करू नका. ताजं लाल रक्त आणि मरगळ एकत्र दिसली तर थांबूही नका, विष्ठेचा नमुना पशुवैद्याकडे न्या. सूक्ष्मदर्शकाखाली काही मिनिटांत कळतं.

यावरचं नेहमीचं औषध अ‍ॅम्प्रोलियम. ते पाण्यातून देतात, कारण आजारी पिल्लू खाणं सोडतं, पण पाणी पीत राहतं. २० टक्क्यांची पावडर असेल तर लिटरभर पाण्याला ०.६ ग्रॅम, साथ जोरात असेल तर १.२ ग्रॅम, ३ ते ५ दिवस, आणि नंतर एक-दोन आठवडे ०.३ ग्रॅम असं त्याचं प्रमाण असतं. तुमच्या पाकिटावरची टक्केवारी वेगळी असू शकते, ती वाचा आणि डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. पाणी रोज नवं करा आणि दुसरं साधं पाणी ठेवू नका. हे औषध बी-१ जीवनसत्त्वासारखं दिसतं, परोपजीवी फसून तेच उचलतो आणि उपाशी मरतो. म्हणून या दिवसांत बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक बंद, नाहीतर तुम्ही एका हाताने मारता आणि दुसऱ्या हाताने त्यालाच भरवता. ब्रूडरमधल्या सगळ्या पिल्लांना औषध द्यायचं, एकट्या आजाऱ्याला नाही, कारण भुसा सगळ्यांचा एकच.

*श्वास.* चोच उघडून, मान ताणून, शेपूट श्वासागणिक हलवत बसलेलं पिल्लू. आवाज न करता धापा टाकत असेल तर बुरशीचा संशय घ्या. बुरसटलेल्या भुशातून तिचे बीजाणू फुप्फुसात जातात, त्यालाच ब्रूडर न्यूमोनिया म्हणतात. त्यावर खात्रीचा इलाज नाही, सगळा भुसा बदलून बाकीच्यांना वाचवायचं. शिंका, घरघर, डोळ्यांत फेस, आणि तेही एकाहून जास्त पिल्लांत असेल तर संसर्ग पसरतो आहे. इथे घरगुती उपाय थांबवा, पशुवैद्याला दाखवा.

अँटिबायोटिकचं काय?

कुणीतरी एक पुडी सुचवतंच. देऊ नका, निदान झाल्याशिवाय तर नाहीच. गारठा, बूच, फाकलेले पाय, जीवनसत्त्वांची कमतरता, विषाणू, बुरशी, यांपैकी कशावरही अँटिबायोटिक काम करत नाही. रक्ती हगवणीचा परोपजीवीही जिवाणू नाही. शिवाय अर्धवट मात्रा दिली की पुढच्या वेळी खरंच गरज असताना ते औषध लागू पडत नाही. आणि मलूल पिल्लांना लस टोचायची घाई नको. लस पुढच्या आजारासाठी असते, आलेला आजार ती बरा करत नाही.

डॉक्टरांना कधी गाठायचं

चोवीस तासांत दुसरं पिल्लू तसंच दिसलं तर. विष्ठेत रक्त, हिरवी पातळ हगवण, वाकडी मान, लुळा पंख किंवा पाय, सुजलेला चेहरा दिसला तर. वजन सलग दोन दिवस उतरलं तर. आणि एकाएकी धडाधड पिल्लं मरायला लागली तर त्याच तासाला. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, आणि बर्ड फ्लू हे सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवायचे आजार आहेत. अशा वेळी कुणाकडे पिल्लं, अंडी किंवा खाद्य पाठवू नका, आणि दुसऱ्याच्या कोंबड्या बघायलाही जाऊ नका.

एखादं मेलंच तर लगेच पुरून टाकण्याआधी विचार करा. त्याच्या तपासणीतून बाकीची वाचू शकतात. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून बर्फाच्या डब्यात ठेवा आणि चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. गोठवू नका, गोठल्यावर आतल्या ऊती फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धड काही दिसत नाही. घरच्या खाण्याच्या फ्रिजमध्ये तर नकोच.

स्वतःची काळजी ओघात सांगते, पण गंभीरपणे. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो. हात दर वेळी साबणाने धुवा, पेटी स्वयंपाकघरात ठेवू नका, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात पिल्लू देऊ नका. रोजचं काम आधी निरोगी पिल्लांचं करा, आजाऱ्याचं शेवटी.

परत कळपात

दोन दिवस सलग वजन वाढलं, विष्ठा घट्ट झाली, पेटीत उभं राहून पळायची घाई दिसली की परत पाठवता येतं. औषध सुरू असेल तर त्याचे दिवस पूर्ण होऊ द्या. आधी एक दिवस ब्रूडरमध्येच जाळीच्या आडोशाला ठेवा, म्हणजे ते आणि बाकीची एकमेकांना बघतील. पेटीचं तापमान आधी हळूहळू ब्रूडरएवढं उतरवून आणा, ३३ अंशांतून सरळ २७ मध्ये सोडलं तर दुसऱ्या दिवशी परत तेच खोकं काढावं लागेल.

सोडायचं ते संध्याकाळी, दिवा मंद करून, पिल्लं झोपायला गोळा होत असताना. अंगावर जखम किंवा टक्कल राहिलं असेल तर जांभळं औषध (जेंशियन व्हायोलेट) लावून लाल रंग झाका, नाहीतर टोचणी तिथेच सुरू होते. खाद्याचं एक भांडं जास्तीचं ठेवा. मग अर्धा तास खाली बसून बघा. एक-दोन पिल्लं येतात, चोचीने हुंगल्यासारखं करतात, एखादी टोच मारतात. पाठलाग होत नसेल तर ठीक आहे. थोड्या वेळाने ते गर्दीत डोकं खुपसतं, दोन ढुंगणांच्या मधून आत शिरतं, आणि त्यानंतर यातलं आपलं कुठलं ते ओळखायचं असेल तर पायात आधीच रंगीत दोरा सैल बांधून ठेवलेला बरा.